मामाच्या कॅमेऱ्याची पिशवी

गुरुमामाला गावात कुणी भीत नव्हतं. भ्यावं असं त्याच्यात काही नव्हतंच. माझ्या आईचा तो धाकटा भाऊ, अंगानं काटकुळा, आवाज इतका बारीक की शाळेतल्या मागच्या रांगेतल्या पोरांना तो ऐकूच जात नसे. गावच्या शाळेत तो मास्तर होता आणि आमच्याच घरी राहायचा. बाजारात गेला तर वाणी त्याच्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकांना आधी माल द्यायचा, आणि मामा टोपी सारखी करत बाजूला उभा राहायचा. ‘गरीब मास्तर’ म्हणूनच त्याला ओळखत. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते त्या माणसाच्या हातून झालं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मी आता नव्वदीकडं आले आहे. माणसांनी केलेलं बरंवाईट पुष्कळ पाहिलं. पण धक्का म्हटला की मला आजही आमच्या लोहारा गावातल्या घराचं अंगणच दिसतं.

आमचं घर म्हणजे पुढं अप्पांचं, माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान आणि मागं आम्ही. दिवसभर कापड फाडल्याचा आवाज यायचा. अप्पा कात्रीनं कडेला जराशी चीर द्यायचे आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचे; तो आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. तिकडं अव्वाचं भाकरी थापणं चाललेलं असायचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं रागावली की ती कानडीत जायची आणि माया आली की मराठीत. तिच्या हातची शेंगाची चटणी उखळात कुटलेली असे, तेल सुटेपर्यंत. सणाला गव्हाची हुग्गी, गूळ घालून केलेली खीर. सकाळी धपाटे आणि दही. मामा जेवायला बसला की अव्वा त्याच्या ताटात न विचारता लोण्याचा गोळा टाकायची आणि म्हणायची, “खा. अंगाला काय तरी लागू दे.” आई-वडील लवकर गेल्यामुळं तिनंच त्याला वाढवलं होतं. तिच्या लेखी तो कधी मोठा झालाच नाही.

ते निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते, पण ते शेवटचे आहेत हे तेव्हा कुणाला माहीत होतं? आम्हाला एवढंच कळायचं की दुकानं लवकर बंद होतात, अप्पा ओळखीच्या माणसाशीसुद्धा हळू बोलतात, आणि लांबून घोड्याच्या टापा आल्या की अव्वा मला अंगणातून आत बोलावते. कोण कुणाच्या बाजूचा, हे विचारायची सोय नव्हती. कमरेला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला हत्यार लावून फिरणारी माणसं दिसली की लोक भिंतीकडं तोंड करून चालायचे.

अशा दिवसांत मामानं सोलापूरच्या एका मित्राकडून कॅमेरा आणला. घडीचा, मिटला की तळहाताएवढा. वरची कळ दाबली की पुढचं झाकण उघडायचं आणि आतून काळा भाता पुढं यायचा, लोहाराच्या भात्यासारखाच, पण नखाएवढ्या चुण्यांचा. त्याबरोबर फिल्मच्या दोन गुंडाळ्या, भिंगापुढं लावायची एक पिवळी काच, एक मऊ फडकं आणि लांबून फोटो काढायची एक बारीक तार. एवढा त्याचा संसार. मामानं तो सोप्यात चादरीवर मांडला आणि प्रत्येक वस्तूचं काम मला सांगितलं. त्या वेळी त्याचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता. मला आठवतं, अप्पा दुकानातून डोकावून म्हणाले, “मास्तर, शाळेत असंच बोला की. पोरं गप बसतील.”

पहिली गुंडाळी वाया गेली. मामा कॅमेरा कोटाच्या खिशात घालून उन्हातान्हात हिंडला, दुसऱ्या खिशात फिल्म आणि पिवळी काच. सोलापूरहून फोटो धुऊन आले तेव्हा सगळ्यांवर धुकं धरल्यासारखा पांढरा थर, आणि एकात अप्पांच्या तोंडावर उजेडाचा ठिपका. मामानं भाता उघडून दिव्यासमोर धरला, तेव्हा एका चुणीत सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. काळ्या रानातली धूळ खिशात शिरत होती, चुणीत बसत होती आणि उघडमिट करताना कागद खात होती. भोक त्यानं काळा कागद चिकटवून बुजवलं. पण उन्हापासून फिल्म आणि धुळीपासून भाता सांभाळायचा तर सगळ्या सामानाला मिळून एक पिशवी पाहिजे, हे ठरलं. आणि आमच्या घरात तो काही दिवस एकच विषय झाला.

अप्पांनी पानाचा जुना पत्र्याचा डबा पुढं केला. झाकण घट्ट, धुळीचं नाव नाही. अव्वानं जुन्या लुगड्याचे थरावर थर घालून, गोधडीसारखी टाके मारून एक पिशवी शिवली. आत प्रत्येक वस्तूला वेगळा कप्पा, वर नाडी. मामाच्या मनात मात्र चामड्याची होती. सोलापूरला त्याच्या मित्राकडं तशी होती म्हणे. वाद मिटेना तेव्हा अव्वा म्हणाली, “बघूच की,” आणि तिनं लोण्याचे सारखे गोळे केले. एक डब्यात, एक तिच्या पिशवीत वाटीत घालून, आणि एक अप्पांच्या जुन्या चामडी बटव्यात. तिन्ही अंगणात उन्हात ठेवले. आम्ही सगळे सावलीत बसून वाट बघत होतो. डब्यातलं लोणी आधी पातळ झालं, बटव्यातलं मग. अव्वाच्या पिशवीतला गोळा नुसता कडेला ओला झाला होता. तिनं तो मामाच्या समोर धरला.

“अक्का, पण धूळ?” मामा म्हणाला. “कापडातनं धूळ जाते.”

“आतून मेणकापड लावून देते.”

“आणि ही गळ्यात घालून हिंडलो तर लोक म्हणतील मास्तर पानसुपारीची चंची घेऊन निघाला.”

“म्हणू दे की. लोण्याला कळलं ते तुला कळंना.”

अप्पा हसले, मीही हसले. मामा हसला नाही. खाली बघत हळूच म्हणाला, “मला तेवढी एक वस्तू चांगली घेऊ दे, अक्का.” अव्वानं आपली पिशवी उचलून खुंटीला अडकवली. धाकट्या भावानं आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

चामड्याचं काम करणारे हुसेनभाई आमच्या गल्लीच्या टोकाला बसायचे. घोड्याचे लगाम, बैलांचे पट्टे, पाण्याच्या पखाली, सगळं त्यांच्या हातचं. अप्पांचे जुने स्नेही. ईदला त्यांच्या घरून सुका मेवा यायचा आणि आमच्याकडून त्यांच्याकडं पुरणाची पोळी जायची. मी मामाबरोबर गेले होते. हुसेनभाईंनी कॅमेरा दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा पाहिला, लांबी-रुंदी बोटांनी मोजली आणि म्हणाले, “मास्तरसाब, फिकर नक्को करो. मोठ्या साहेबलोकांचं कमरेचं काम मीच केलंय. तस्सा तुकडा काढून देतो, बघणारे बघत राहतील.” मामा खूश झाला. मोठ्या साहेबांचं कमरेचं काम म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. हुसेनभाईंच्याही आलं नसावं. त्यांच्याकडं त्या मापाचा, झाकणाचा एकच नमुना होता आणि त्यांनी मनापासून तोच कापला.

पिशवी फार देखणी झाली होती. तपकिरी, तेल पाजलेलं चामडं, वर गोल झाकण, त्याला पितळी बटण, मागं कमरपट्टा ओवायला जागा. कॅमेरा आत असा बसला की हलेना. फिल्मला आणि काचेला बाजूला छोटा खण. मामानं तो पट्टा कोटावरून कमरेला बांधला आणि आरशात स्वतःला पाहिलं. मग मला म्हणाला, “चल नीले, बाजारात जाऊन येऊ.”

ते चालणं मला नीट आठवतं. आमच्या गल्लीत नेहमीचा गलका होता. आम्ही पुढं निघालो आणि तो गलका आमच्या पुढं पुढं बंद होत गेला. आधी वाटलं, मागून कोणी तरी येतंय. मी वळून पाहिलं तर मागं रस्ता मोकळा. भाजी विकणारी बाई अर्धं बोलून थांबली. ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी पाय आत घेतले. एका आईनं खेळणारं पोर दंडाला धरून उचललं आणि दार लावून घेतलं. वाण्याच्या दुकानापाशी पोचलो तर वाणी उभा राहिला आणि त्यानं मामाला सलाम केला. गरीब मास्तराला. मामा गोंधळून “गूळ” म्हणाला, तर वाण्यानं आधीचं गिऱ्हाईक तसंच ठेवून गूळ बांधून दिला. मला काही कळेना. मला वाटलं, मामाच्या अंगावर काही तरी भयंकर आहे, जे सगळ्यांना दिसतंय आणि मला दिसत नाही.

घरी आलो तर अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे. त्यांनी मामाच्या कमरेकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. “आत या,” म्हणाले. दार लावून घेतल्यावर म्हणाले, “मास्तर, हे पिस्तुलाचं घर दिसतंय. लोकांना वाटतंय तुम्ही कुणाला तरी जाऊन मिळालात.”

मामा आधी बघतच राहिला. मग हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. “मी? पिस्तूल?” अव्वाही हसली. एकटे अप्पा हसले नाहीत. “उद्यापासून हे बांधायचं नाही. अक्काची पिशवी घ्या,” ते म्हणाले, आणि मामानं मान हलवली.

पण दुसऱ्या दिवशी तो तीच बांधून गेला. म्हणाला, आज एकच दिवस, अव्वाच्या पिशवीला मेणकापड लागायचंय. मग मेणकापड लागलं तरी तीच. शाळेत म्हणे आता टाचणी पडली तरी ऐकू येत होती. माझ्या लक्षात आलं की मामाचं चालणं बदललंय. आधी तो भिंतीकडेनं जायचा, आता रस्त्याच्या मधून जायला लागला. पट्टा त्यानं थोडा खाली, मांडीवर घेतला होता. एकदा घरातच मी पितळी बटण काढून आत पाहिलं, तर कॅमेरा नव्हता. कॅमेरा त्याच्या पेटीत होता. पिशवीत त्यानं एक फडकं कोंबून ठेवलं होतं, आकार टिकावा म्हणून.

मग ती राकेलची रांग. कंट्रोलच्या दुकानासमोर बायका सकाळपासून बाटल्या घेऊन बसायच्या. मी आमची बाटली घेऊन पार मागं उभी होते. मामा आला, माझ्या हातातून बाटली घेतली आणि सरळ पुढं गेला. सगळ्यांत पुढं एक म्हातारी होती, पाठीतून वाकलेली, आमच्या दुकानात नेहमी चिंध्या मागायला यायची ती. मामा तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. तिनं वर पाहिलं, तिची नजर त्याच्या कमरेवर गेली, आणि तिनं हात जोडले. मला वाटलं, आता तो म्हणेल, ‘आजी, तुम्ही आधी घ्या.’ मामा रोज म्हणायचा ते. त्यानं तिच्याकडं नुसतं पाहिलं, आणि डाव्या हाताचा अंगठा पट्ट्यात अडकवून तसाच उभा राहिला. त्याच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काही तरी होतं. समाधान म्हणावं असं.

घरी येऊन मी अव्वाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “तुझं आपलं काही तरी,” म्हणाली. “दिसलीच नसंल त्याला म्हातारी.” मी पुन्हा सांगितलं तर चिडली, कानडीत गेली. तिच्या भावाबद्दल, गुरुपादाबद्दल, असलं ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती.

हे सगळं ज्वारी हुरड्यावर आली होती त्या दिवसांतलं. सास्तूरच्या एका शेतकऱ्यानं निरोप पाठवला होता की वडील थकलेत, त्यांचा एक फोटो काढून द्या. शाळेला सुट्टी होती. मामा सायकलीवर निघाला, त्या दिवशी कॅमेरा पिशवीत होता, गुंडाळी भरलेली होती. अव्वानं धपाटे बांधून दिले. दारातून तिनं परत सांगितलं, “ती कापडाची घे की रे.” तो म्हणाला, “येताना उशीर झाला तर काळजी करू नको,” आणि गेला.

दुपार कलायच्या आत दारात बैलगाडी थांबली. मला आधी चाकांचा आवाज आला, मग अप्पांच्या हातातलं कापड अर्धं फाटून थांबल्याचा. मी धावत पुढं गेले. गाडीत कडब्यावर मामा आडवा होता. डोक्याला कुणाचा तरी पटका गुंडाळलेला आणि तो पटका डाव्या बाजूनं पार काळपट लाल. उजवा डोळा उघडा होता आणि तो माझ्याकडं बघत होता, पण ओळखत नव्हता. गाडीबरोबर पाचसहा माणसं चालत आली होती, सगळी मातीनं भरलेली. त्यांतला एक तरणा गडी मामाचा पाय धरून बसला होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, “म्या न्हाय वळखलं. म्या न्हाय वळखलं.”

त्याचं नाव नागनाथ. सास्तूरच्या अलीकडच्या वस्तीवर त्याची शेती. शेजारच्या एका वाडीवर नुकतीच लूट झाली होती, म्हणून ही माणसं पाळीपाळीनं रस्ता राखत होती. रान राखायची गोफण तर सगळ्यांच्याच हातात असते. ओढ्यापाशी त्यांना कमरेला पिस्तूल लावलेला सायकलवाला दिसला. त्यांनी थांबवलं, विचारलं. आणि मग नागनाथची गोफण सुटली. दगड डोळ्यावर बसला. पडलेल्या माणसाचं हत्यार काढून घ्यायला ते धावले, बटण उघडलं, तर आतून कॅमेरा निघाला. हे सांगणारा त्यांच्यातला वडीलधारा माणूस होता. त्यानं पिशवी उपरण्यात गुंडाळून आणली होती, ती अप्पांच्या हातात ठेवली. कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता.

अव्वा रडली नाही. तिनं गाडीत चढून भावाचं डोकं मांडीवर घेतलं. नागनाथकडं बघून एवढंच म्हणाली, “तू माझ्या दारात उभा राहू नको.”

अप्पांनी त्याच गाडीतून, पुढं मोटारीनं, मामाला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, डोळा गेला. हुसेनभाईंना कळलं तसे ते आले. अप्पांनी ती पिशवी समोर ठेवली. त्यांनी ती ओळखीनं नाही, परक्यासारखी पाहिली. झाकण, बटण, पट्टा. मग खिशातून चामडं कापायची रापी काढली आणि तिथंच ओट्यावर बसून तिचे बारीक बारीक तुकडे केले. “सेठ, हात मेरेच थे,” म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर पुष्कळ दिवस ते आमच्या गल्लीतून मान वर करून गेले नाहीत. त्यांची त्यात काय चूक होती? आमच्यातल्या कुणालाच पिस्तूल कधी जवळून बघायची वेळ आली नव्हती, आणि त्यांनी बघितलं ते गिऱ्हाइकाची वस्तू म्हणून.

मामा परत आला तो पट्टी बांधलेला आणि मुक्यासारखा. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचा. गावात त्याच्याबद्दल हळहळ होती. वाणी घरी गूळ देऊन गेला. बायका अव्वाजवळ बसून म्हणायच्या, देवमाणूस, बिचारा कॅमेरा दाखवायला हात घालत होता आणि त्या राक्षसांनी दगड घातला. ही गोष्ट अशीच पसरली होती. मामानं ती सांगितली नव्हती. लोकांनीच जुळवली होती. त्यानं ती खोडलीही नाही. अव्वा प्रत्येक आल्यागेल्याला तीच सांगायची.

नागनाथ येत राहिला. दारात उभं राहू नको म्हटलं होतं म्हणून रस्त्यापलीकडं लिंबाखाली बसायचा. कधी हुरडा, कधी दुधाची चरवी, कधी नुसताच. वस्तू पायरीवर ठेवायचा आणि परत लिंबाखाली. अव्वा ते दूध गुरांना घालायची. तहान लागली तर तो गावच्या ओढ्यावर जायचा. आमच्या दारात पाणी मागायची त्याला छाती झाली नाही आणि आमच्याकडून कुणी दिलं नाही. मामा खिडकीतून त्याच्याकडं बघत बसायचा. मला वाटायचं, मामाला त्याचा राग येत असेल.

शेवटी नागनाथच्या वस्तीवरची वडीलमंडळी अप्पांना भेटायला आली. सकाळची वेळ, अंगणात ऊन आलेलं. अप्पांनी जाजम अंथरलं. हुसेनभाईंनाही बोलावलं होतं, ते कडेला टेकले. ठरलं असं होतं की नागनाथनं सगळ्यांसमोर मामाचे पाय धरायचे, मामानं त्याला माफ करायचं, आणि विषय संपवायचा. अव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, पदर दातात धरून. मी तिच्या मागं.

नागनाथ पुढं आला आणि त्यानं मामाच्या पायांवर डोकं ठेवलं. तो उठेना. त्यांच्यातला वडीलधारा माणूस म्हणाला, “मास्तर, पोरगं चुकलं. तुमी भल्या मनानं फोटूची डबी दाखवाय गेला, आन् त्येनं भिऊन दगड सोडला. पदरात घ्या.”

मामा म्हणाला, “मी डबी दाखवायला गेलो नव्हतो.”

त्याचा तो बारीक आवाज, पण अंगणात सगळ्यांना ऐकू आला. अप्पा म्हणाले, “मास्तर, राहू द्या आता.”

“नाही दाजी. ऐका. यांनी मला थांबवलं. कोण, कुठले, नीट विचारलं. नाव सांगितलं असतं तर सोडलं असतं. यांतल्या दोघांची पोरं माझ्या शाळेत आहेत.” त्यानं डोळ्यावरची पट्टी चाचपली. “पण मला दिसलं की ते भ्यालेत. सगळे. माझ्याकडं बघून. मी झाकणाचं बटण उघडलं, आत हात घातला आणि म्हणालो, हट जाव, नहीं तो एकेक को उडा दूँगा. साहेब बोलतात तसं बोललो. मला... मला बरं वाटलं तसं बोलताना.”

मी अव्वाच्या पदराला धरलं होतं, तो पदर तिच्या दातातून सुटून माझ्या हातात आला. राकेलच्या रांगेतला त्याचा चेहरा मला एकदम समोर दिसला. मला वाटलं होतं की मी तेव्हा सगळं पाहिलंय. मी काहीच पाहिलं नव्हतं.

मामा पुढं म्हणाला, “दगड त्यानंतर आला. यानं ऐकलं होतं. हा सगळ्यांत पुढं होता.”

अव्वा उंबरा ओलांडून अंगणात आली. माणसांच्या बैठकीत ती अशी कधी येत नसे. भावाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. नागनाथसमोर उभी राहिली. “तू ऐकलं होतंस?”

त्यानं मान हलवली.

“मग एवढे दिवस बोलला का न्हाईस? मी तुला काय काय बोलले. दारात उभं केलं न्हाय.”

नागनाथ अजून जमिनीवरच बसला होता. तो म्हणाला, “डोळा गेलेल्या मानसाला आजून काय लावायचं, अव्वा.”

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझा हात थांबला. माझी नात इथं बाजूला बसली आहे. तिनं विचारलं, मग मामा वाईट होता का? त्याच मामानं मला बाराखडी शिकवली. पुढं निजामाचं राज्य गेलं, मामा त्या मेणकापड लावलेल्या पिशवीतून कॅमेरा घेऊन पंचक्रोशीत हिंडला, माणसांचे फार सुंदर फोटो काढले, आणि मरेपर्यंत त्याचा आवाज कुणावर चढला नाही. त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर सास्तूरच्या एका बाईनं मला सांगितलं की तिच्या सासऱ्याचा एकमेव फोटो मामानं काढलेला होता, तोही ढिगाऱ्यात गेला. हे सगळं खरं आहे. आणि ओढ्यापाशी त्याला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

त्या दिवशी अव्वा आत गेली आणि चुलीपुढं बसली. तिनं कुणाला काही विचारलं नाही, पण पीठ काढलं ते पुष्कळ काढलं. थापण्याचा आवाज सुरू झाला, तसे अप्पा उठले आणि पाहुण्यांना म्हणाले, “हातपाय धुऊन घ्या. जेवूनच जायचं.” सोप्यात ताटं मांडली. हुसेनभाई नको नको म्हणत होते, त्यांनाही बसवलं. मामा एका कडेला बसला, आणि कुठं बसावं हे न कळून उभ्या असलेल्या नागनाथला अप्पांनी खांद्याला धरून त्याच्याच शेजारी बसवलं. मी भाकरी वाढत होते. एका डोळ्यानं मामाला अजून अंतराचा अंदाज येत नव्हता. घास मोडून तो आमटीच्या वाटीकडं हात न्यायचा आणि हात वाटीच्या अलीकडंच ताटावर टेकायचा. पुन्हा न्यायचा, पुन्हा चुकायचा. इतके दिवस तो एकटाच आत जेवत होता, म्हणून आम्हाला हे कुणाला माहीत नव्हतं. नागनाथनं एकदा पाहिलं. मग आपल्या ताटातली नजर वर न करता त्यानं डाव्या हाताच्या बोटानं ती वाटी हळूच सरकवली, मामाचा हात पडत होता तिथं. घास आमटीत बुडाला. मामा क्षणभर थांबला आणि मग जेवायला लागला.